अडतिसांतलं एक

नववीच्या वर्गाला गंडवायचं ठरवताना संगणकाच्या बाईंना, खरं सांगायचं तर, थोडी मजाच वाटली होती.

मुलांच्या शाळेच्या खात्यांवर त्यांनी एक खोटा निरोप सोडला. "सहलीच्या यादीतून तुमचे नाव वगळण्यात आले आहे. हरकत असल्यास येथे पासवर्ड टाकून कळवा." पाठवणाऱ्याच्या पत्त्यात शाळेच्या नावात एक अक्षर जास्त होतं. नीट बघणाऱ्याला कळावं आणि घाईत असणाऱ्याला कळू नये, एवढंच. पासवर्ड कुठे साठत नव्हते. कोणी दाबलं, तेवढं बाईंना दिसत होतं.

तीन दिवसांत अडतीसपैकी सतरा जण फसले.

चौथ्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत बाईंनी त्या सतरांचे हजेरी क्रमांक फळ्यावर लिहिले आणि खडू हातात नाचवत म्हणाल्या, "सतरा मासे, आणि गळ एकच!"

वर्ग खदाखदा हसला. बाईही हसल्या. तेवीस वर्षं शिकवत होत्या त्या, आणि वर्ग हसला की धडा डोक्यात शिरतो असा त्यांचा अनुभव होता. मग त्यांनी एकेक खूण समजावून दिली. घाई करायला लावणारा निरोप आला की थांबायचं. पत्ता अक्षर-अक्षर वाचायचा. अनोळखी माणूस पहिल्याच आठवड्यात "हे आपल्या दोघांतच ठेव" म्हणाला, तर दाल में कुछ काला नाही, अख्खी डाळच काळी समजायची.

"आपल्या वकिलाला मात्र पहिल्याच ओळीत कळलं होतं," बाईंनी तिसऱ्या बाकाकडे बघत कौतुकाने म्हटलं. वकील म्हणजे हजेरी क्रमांक तेहेतीस. प्रत्येक गोष्टीवर वाद घालायची, म्हणून वर्गानेच तिला ते नाव ठेवलेलं. परवाच तिने बाईंना व्हरांड्यात गाठून निरोपातल्या चार चुका दाखवल्या होत्या.

"हो बाई," ती म्हणाली आणि खाली बघू लागली.

तास संपताना बाईंनी पत्र्याचा डबा टेबलावर ठेवला. "सगळ्यांसमोर विचारायला लाज वाटते ना? चिठ्ठी टाका. नाव नको. कोणती चिठ्ठी कोणाची, ते मी शोधणार नाही. शब्द देते."

मधल्या सुट्टीत, एक वाजून दहा मिनिटांनी, त्या एकट्याच चिठ्ठ्या वाचत बसल्या. "आईला माझा पासवर्ड माहीत आहे, हासुद्धा धोका आहे का?" बाई हसल्या. "चोर सापडला की त्याचं इंटरनेट बंद करतात का?" पुन्हा हसल्या. तिसरी चिठ्ठी मात्र हसू पुसणारी निघाली. "त्या सतरांत मी आहे. आता सगळे मला मासा म्हणतात. तुम्हीच सुरुवात केलीत."

ती बाजूला ठेवून त्यांनी पुढची उघडली. पट्टी लावून काढल्यासारखी सरळसोट अक्षरं होती. स्वतःचं अक्षर कोणी ओळखू नये म्हणून मुद्दाम काढलेली.

"समजा कोणी सांगितलं की आज चार वाजता एकट्याने भेटायला ये, नाहीतर तुझ्या घरातली गोष्ट पोचवायची तिथे पोचवतो. तर जाणं जास्त वाईट की न जाणं? हसू नका. मी फस"

पुढचं अक्षर खोडलं होतं, कागद फाटेस्तोवर. बाईंनी चिठ्ठी खिडकीशी धरली. 'फसलो' की 'फसले'? मुलगा की मुलगी? काही दिसेना. लिहिणाऱ्याने अख्ख्या चिठ्ठीत स्वतःला लपवलं होतं, एका शब्दात घसरता घसरता तोही खोडला होता.

बाईंनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं. एक वाजून अठरा मिनिटं.

मुख्याध्यापिकांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची. त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली, चष्मा काढला आणि म्हणाल्या, "नववीच्या सगळ्या वह्या मागवा. अक्षर जुळवू."

"हे अक्षर कोणाचंच नाही, मोठ्या बाई. आणि मी शब्द दिलाय."

"पोराचा जीव मोठा की तुमचा शब्द?"

"जीवच. पण वह्या गोळा करायला लागलो की दोन मिनिटांत वर्गाला कळेल. ज्याने लिहिलंय त्याच्या तोंडाला असं कुलूप बसेल की पुन्हा उघडायचं नाही."

मोठ्या बाईंनी वाद घातला नाही, फोन उचलला. पोलीस ठाण्यात अशा गुन्ह्यांसाठी एक वेगळ्या इन्स्पेक्टर मॅडम होत्या. त्यांचा आवाज फोनमधून बाईंनाही ऐकू येत होता, एकदम थंड आणि मोजका. "मूल शाळेबाहेर जाता कामा नये, ही पहिली गोष्ट. दुसरी, त्याला म्हणावं काही पुसू नकोस, एकही निरोप नाही. मी साध्या वेशात माणसं देते. पण मला जागा सांगा. कुठे बोलावलंय?"

तेच तर चिठ्ठीत नव्हतं.

"शाळा साडेतीनला सुटते," मोठ्या बाई फोन ठेवत म्हणाल्या. "नववी सुटणार नाही. मी पुढच्या फाटकावर शिपाईमामांना उभं करते. पण आज कोंडून ठेवलं तर उद्या पुन्हा चार वाजतीलच. काय करायचं ते आत्ता करा."

पावणेदोनला नववीवर गणिताचा तास होता. गणिताचे सर समीकरण अर्धं टाकायला नाखूश होते, पण बाईंचा चेहरा बघून खडू ठेवून बाजूला झाले.

बाई वर्गासमोर उभ्या राहिल्या. व्हरांड्यातून येताना काय बोलायचं ते त्यांनी ठरवलं होतं. ते सगळं विसरलं.

"सकाळी मी सतरा जणांना हसले," त्या म्हणाल्या. "चुकले. लोका सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, अशातली गत आहे माझी. कारण दोन वर्षांपूर्वी मीही फसले होते."

वर्गात कोणीतरी फुसकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"माझ्या कॉलेजातल्या मैत्रिणीच्या नावाने निरोप आला. म्हणाली, चुकून तुझ्या फोनवर माझा ओटीपीचा आकडा आलाय, पाठव ना. मी पाठवला. मी, जी तुम्हाला शिकवते! तासाभरात माझं खातं दुसऱ्याच्या हातात. माझ्या नावाने त्याने माझ्या आत्याला जे काही लिहिलं, ते मी इथे बोलू शकत नाही. आणि मी काय केलं माहितीये? नऊ दिवस कोणालाही सांगितलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. लोक म्हणतील, संगणकाची बाई आणि तीच फसली. त्या नऊ दिवसांत आत्या माझ्याशी तुटली ती तुटलीच. खातं परत मिळालं, आत्या नाही मिळाली. त्याने मला फसवलं एका मिनिटात. नऊ दिवसांचं नुकसान माझ्या लाजेनं केलं."

गणिताचे सरही दाराशी उभे राहून ऐकत होते.

"मी तुम्हाला खड्डा ओळखायला शिकवलं. पडल्यावर हाक मारायला शिकवलंच नाही. उलट पडलेल्याला हसले. आता ऐका. धमकी देणारा नेहमी वेळ ठरवून देतो, कारण विचार करायला वेळ मिळाला की त्याचा खेळ संपतो. त्याचं एकदा ऐकलं की तो थांबत नाही, दुसरं काहीतरी मागतो. म्हणून भेटायला जायचं नाही. काही पुसायचं नाही. मोठ्या माणसाला सांगायचं, आणि ते आजच."

त्यांनी श्वास घेतला. "आता मी तुम्हा अडतीसही जणांना एकेक करून प्रयोगशाळेत बोलावणार. प्रत्येकाला दोन मिनिटं. सांगायचं असेल ते सांगा, नसेल तर गप्प बसून परत या. सगळेच येणार, म्हणजे कोण काय बोललं ते कोणाला कळणार नाही."

दोन वाजून पाच मिनिटांनी पहिला मुलगा आला.

दोन मिनिटं किती लहान असतात आणि किती लांबतात, ते बाईंना त्या दुपारी कळलं. पहिला नुसता नखं खात बसला. चौथी म्हणाली, "बाई, माझी काही भानगड नाही, पण तुमच्या आत्याचं वाईट वाटलं." नवव्याने कबूल केलं की फोनवरच्या खेळातलं एक पात्र मिळवायला त्याने वडिलांच्या फोनचा ताबा दुरूनच एका अनोळखी माणसाला दिवसभर दिला होता. बाईंनी ते वहीत टिपलं आणि उद्या ये म्हणाल्या. चौदावी रडली. बाईंनी घाईने खुर्ची पुढे ओढली, पण तिच्या नावाने कोणी तरी दुसरं खातं काढून टिंगल चालवली होती. वाईटच, पण चारचं नव्हतं.

घड्याळ पुढे सरकत होतं. अडीच. पावणेतीन. मोठ्या बाईंनी दोनदा दारातून डोकावून भुवया उंचावल्या, बाईंनी दोनदा नकारार्थी मान हलवली. एकविसावा आडदांड मुलगा खुर्चीत बसला आणि पाय हलवायला लागला. बाईंना वाटलं, हाच. दोन मिनिटं संपत आल्यावर तो म्हणाला, "माशावाली चिठ्ठी माझी होती. राग आला होता. आता नाही."

"मला माफ कर," बाई म्हणाल्या. तो इतका गोंधळला की खुर्ची सरकवून पळालाच.

तीन वाजून नऊ मिनिटांनी तेहेतीसवी आली. वकील.

"काही सांगायचंय?"

"नाही बाई."

"घरी सगळं ठीक?"

"हो बाई."

तिचे हात मांडीवर होते, एकावर एक घट्ट. बाईंना काहीतरी खटकलं. काय ते बोट ठेवून सांगता येईना. मागे पाच जण बाकी होते, आणि घड्याळ. "बरं, जा. चौतीसला पाठव."

चौतीसवा आला, पस्तिसावी आली. अडतिसावा उठून गेला तेव्हा तीन वाजून एकोणीस मिनिटं झाली होती. बाई रिकाम्या खुर्चीकडे बघत राहिल्या. सगळे आले, सगळे गेले. जे ऐकायचं होतं, तेच हाती लागलं नव्हतं.

त्या नववीच्या वर्गात गेल्या. सर मुलांना गणितं देऊन मधल्या वाटेत उभे होते.

"सगळे परत आले?"

"एक सोडून," सर म्हणाले. "वकील. चौतीसला निरोप तिने दारातूनच दिला. मला वाटलं तुम्हीच तिला कामाला लावलंय."

तिसऱ्या बाकावर दप्तर नव्हतं.

मघाशी काय खटकलं ते बाईंना त्याच क्षणी कळलं. जी मुलगी "आज गुरुवार आहे" म्हटलं तरी "कशावरून?" विचारते, तिने दिवसभरात एकदाही वाद घातला नव्हता.

त्या धावल्या. पन्नाशीला आलेल्या, गुडघा धरलेला, तरी जिने दोन-दोन पायऱ्यांनी उतरल्या. पुढच्या फाटकावर शिपाईमामा खांबासारखे उभे होते. "इथून चिटपाखरूसुद्धा गेलं नाही, बाई!"

"मागचं दार?"

मामांचा चेहरा पडला. "ते तर वर्षानुवर्षं बंदच असतं. कडी गंजलीये."

सायकलींच्या पत्र्याच्या शेडमागे ते लोखंडी दार होतं. आणि दारापाशी वकील होती. सायकल भिंतीला टेकवलेली, दोन्ही हातांनी कडी ओढत होती. कडी निम्मी सरकली होती. तिच्या बोटांना गंज लागला होता, एकातून रक्त येत होतं.

बाई चार पावलांवर थांबल्या. पुढे गेलं तर ती बिथरेल असं वाटलं.

मुलीने वळून बघितलं. "चिठ्ठी कोणाची ते शोधणार नाही म्हणाला होतात तुम्ही."

"चिठ्ठी नाही शोधत," बाई धापा टाकत म्हणाल्या. "माझी एक मुलगी वर्गात परत आली नाही. तिला शोधतेय."

"मला जाऊ द्या. मी फक्त भेटून सांगणार आहे, की नको पाठवूस."

"कोणाला सांगणार आहेस?"

तिचा कडीवरचा हात थांबला.

"तुला खड्डा दिसला नाही असं नाही," बाई हळूच म्हणाल्या. "तुझ्यासारखी नजर अख्ख्या वर्गात कोणाची नाही. तरी तू पडलीस, म्हणजे खणणारा पक्का असणार. तुझा काय दोष?"

मुलगी दाराला पाठ टेकवून सरळ खाली बसली. आणि मग धरण फुटावं तसं बोलू लागली.

चित्रं दाखवायच्या एका संकेतस्थळावर तिला चार महिन्यांपूर्वी एक मैत्रीण भेटली होती. चिमणी नावाची, तिच्याच वयाची. रोज तिच्या चित्रांवर लिहायची, तिच्या चुकाही दाखवायची, म्हणून खरी वाटली. वकिलाने तिला सगळं सांगितलं. बाबांचंही. बाबा छापखान्यात यंत्रावर होते. छापखाना बंद पडून पाच महिने झाले होते. पण बाबा रोज सकाळी डबा घेऊन निघायचे आणि संध्याकाळी परत यायचे. एकदा तिने त्यांना भर दुपारी वाचनालयात झोपलेलं बघितलं होतं. आई दुसऱ्या गावच्या इस्पितळात परिचारिका, आठवड्यातून एकदा घरी यायची. तिला यातलं काही माहीत नव्हतं.

"परवा चिमणी एकदम वेगळंच बोलायला लागली. म्हणाली, गुरुवारी चारला ये, नाहीतर तुझ्या आईला कळवते. आईचा नंबर मीच दिला होता, बाई. वाढदिवसाला शुभेच्छा पाठवते म्हणाली होती." तिने बाईंकडे बघितलं. "ती चिमणी नाहीये ना? मला कळलंय ते. पण बाबांचं काय? ते मेल्याहून मेल्यासारखे होतील."

"कुठे बोलावलंय?"

तिने बोटावरचं रक्त गणवेशाला पुसलं. शेडच्या पत्र्यावर एक कावळा नाचत होता, त्याच्या नख्यांचा आवाज येत होता. घड्याळाकडे बघायची बाईंची छाती झाली नाही.

"पाण्याच्या टाकीमागे," ती शेवटी म्हणाली. "जुन्या पंपघराजवळ."

तीन वाजून बत्तीस मिनिटांनी मोठ्या बाईंनी ती जागा फोनवर सांगितली.

त्यानंतरची चाळीस मिनिटं त्या दोघी मोठ्या बाईंच्या खोलीत बसून होत्या. इन्स्पेक्टर मॅडमनी एक महिला पोलीस शाळेत पाठवली होती. तिने मुलीचा फोन टेबलावर पालथा ठेवला, मुलीच्या बोटाला पट्टी बांधली आणि म्हणाली, "वाजला तर हात लावायचा नाही. मी बघेन."

तीन पंचावन्नला फोन थरथरला. पोलीसबाईने वाचलं, चेहऱ्यावरची रेघ हलू दिली नाही. चार वाजता पुन्हा. चार वाजून दोन मिनिटांनी लागोपाठ तीनदा. मुलीने बाईंच्या मनगटात नखं रुतवली होती. बाईंनी हात काढून घेतला नाही.

"काय लिहितोय?" मुलीने विचारलं.

"घाबरलाय," पोलीसबाई म्हणाली. "तू घाबरावंस म्हणून लिहितोय, पण घाबरलाय तोच."

मग काहीच आलं नाही. सगळ्यांत वाईट ते होतं. चार वाजून चौदा मिनिटांनी मोठ्या बाईंचा फोन वाजला.

माणूस सापडला होता. पंपघराच्या आडोशाला गाडी लावून बसलेला, पंचेचाळिशीचा, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट घातलेला, कोणाचाही मामा वाटावा असा. त्याच्याजवळ दोन फोन होते, आणि त्या फोनांत आणखी चार मुलींशी चाललेली अशीच बोलणी. एकीला पुढच्या सोमवारी बोलावलं होतं.

बाईंच्या जिवात जीव आला, पण अर्धाच. पकडायच्या आधी, चार वाजून सहा मिनिटांनी, त्याने आपला शब्द खरा केला होता. मुलीच्या आईला सगळं पाठवलं होतं.

पाच वाजायच्या सुमाराला वडील आले, खांद्याला पिशवी, पिशवीत डबा. शाळेतून फोन आला एवढंच त्यांना ठाऊक होतं. मोठ्या बाईंनी त्यांना बसवलं आणि जे झालं ते न सजवता सांगितलं. ते ऐकताना ते पिशवीचा बंद बोटाला गुंडाळत राहिले.

"तुला माहीत होतं?" त्यांनी मुलीला विचारलं.

तिने होकारार्थी मान हलवली.

"पाच महिने?"

"तीन. वाचनालयात दिसलात तेव्हापासून."

"आणि माझी अब्रू झाकायला तू त्या टाकीमागे एकटी..." त्यांनी पिशवी खाली ठेवली, मुलीचं पट्टी बांधलेलं बोट हातात घेतलं आणि एखादी नाजूक वस्तू उलटून पाहावी तसं बघत राहिले. "माझ्या खोटेपणाचा भार तू उचलत होतीस, बाळा. तो माझाच होता."

मग त्यांनी सगळ्यांसमोरच खिशातून फोन काढून बायकोला लावला. बाई उठून बाहेर जायला निघाल्या, पण मुलीने त्यांचा हात सोडला नाही.

"तुला एक सांगायचंय," ते फोनमध्ये म्हणाले. "छापखाना बंद पडला. पाच महिने झाले. मी तुझ्याशी खोटं बोललो."

पलीकडचं उत्तर खोलीतल्या सगळ्यांना ऐकू आलं.

"मला कोणीतरी तासाभरापूर्वी कळवलंय," ती म्हणाली. "म्हटलं, वाट बघू, तुम्ही स्वतः सांगता का. पोर कुठे आहे? तिला द्या आधी फोन."

मुलीने फोन कानाला लावला आणि बोलण्याऐवजी नुसती रडली. पलीकडून आईचा आवाज येत राहिला, "निघालेय मी, निघालेय, बस मिळालीये."

दुसऱ्या दिवशी जबाब द्यायला पोलीस ठाण्यात आईवडील दोघंही होते. मुलीने बाईंनाही बोलावलं होतं. बाई अकरापासून तीनपर्यंत बाकावर बसून राहिल्या. आत ती मुलगी पहिल्या दिवसापासूनचं सगळं क्रमाने सांगत होती, अडखळली की पाणी पीत होती आणि पुन्हा सुरू करत होती. त्या चार मुलींपैकी दोघींचे पालकही त्याच बाकावर येऊन बसले. एकीची आई सारखी विचारत होती, "माझी लेक इतकी हुशार, तिला कसं कळलं नाही हो?" बाई तिला म्हणाल्या, "हा प्रश्न तिला विचारू नका. निदान आज तरी नको."

सोमवारी बाई शाळेत आल्या तेव्हा प्रयोगशाळेच्या दाराशी खेळात फोन देऊन बसलेला नववा आणि रडलेली चौदावी उभी होती. त्यांच्या मागे दहावीतली एक मुलगी होती. ती कोणाची कोण, बाईंना माहीत नव्हतं. तिघंही एकमेकांकडे न बघता भिंतीला टेकून थांबली होती.

बाईंनी दार उघडलं, पंखा लावला, एक खुर्ची आपल्या टेबलाजवळ ओढली आणि म्हणाल्या, "पहिलं कोण येतंय?"